मदत हवी आहे: मत्तय १८ मधले साक्षीदार आणि द्वेषातून रचलेला खटला, फरक कसा शिकवावा?

मंडळीतल्या पवित्र शास्त्र अभ्यासासाठी ५० मिनिटांचा पाठ तयार करत आहे. विषय: मनात द्वेष आधी येतो, आरोप मागाहून शोधला जातो.

तीन उतारे घेतलेत. दानीएल ६ मध्ये विरोधकांना दानीएलाच्या कारभारात खोट सापडत नाही, म्हणून त्याची प्रार्थनाच गुन्हा ठरेल असा ३० दिवसांचा हुकूम ते राजाकडून काढवून घेतात. मार्क ३:२ मध्ये शब्बाथ दिवशी येशू बरे करतो का, यावर दोष ठेवण्यासाठीच पाळत आहे. वाळलेल्या हाताच्या माणसाची कोणाला पर्वा नाही. तिसरा, १ राजे २१, मला सर्वांत भयंकर वाटतो. अहाब राजाला आपला द्राक्षमळा न देणाऱ्या नाबोथाविरुद्ध दोन खोटे साक्षीदार उभे केले, म्हणजे अनुवाद १९:१५ चा नियम (दोन-तीन साक्षीदारांशिवाय दोष शाबीत होत नाही) वरवर पाळला गेला, आणि तरीही तो खूनच होता.

इथेच अडलोय. मत्तय १८:१६ तोच नियम घेऊन, अपराध करणाऱ्या भावाने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यायला सांगते. त्याला आधी एकांतात भेटायचे (१८:१५), हा फरक मांडून पाहिला. पण ती भेटसुद्धा पुरावा गोळा करायला वापरता येते. १ करिंथ १३:५ मधला अपकारांचा हिशेब न ठेवण्याचा मुद्दाही घेतला. त्यावर रास्त प्रश्न आला: छळ किंवा पैशांची अफरातफर असेल तर नोंद ठेवायची नाही का? ठेवायलाच हवी, म्हणून नुसते ‘क्षमा करा’ हे उत्तर पुरत नाही.

गटात आपसांत वाद असलेली दोन कुटुंबे आहेत, तेव्हा मंडळीतली उदाहरणे नकोत. नोंद ठेवणाऱ्याने स्वतःचा हेतू तपासावा असे नेमके प्रश्न कोणते, आणि ते कोणत्या वचनांवर उभे करता येतील?