फुजीची प्रो ४००एच ही रंगीत फिल्म गेली. द्राक्षपानांचा तो थंड हिरवा आता कुठून आणायचा?

गोदाकाठ:
फुजीने प्रो ४००एच जानेवारी २०२१ मध्ये बंद केली. उरलेले जुने रोल अवाच्या सवा किमतीला घेण्यात अर्थ नाही. माझ्या मते पर्याय एकच, कोडॅक पोर्ट्रा ४००. ती ४०० ची असली तरी कॅमेऱ्यावर आयएसओ (फिल्मची उजेडाची संवेदनशीलता) २०० लावा, म्हणजे उजेड जास्त मिळेल, आणि उजेड मोजणारा मीटर सावलीवर धरा. गंगापूरकडच्या द्राक्षमांडवाखाली कवडसे पडतात. मीटर त्या उन्हाच्या ठिपक्यांना फसतो आणि सावल्या गढूळ, दाणेदार येतात. कलर निगेटिव्ह जास्तीचा उजेड पचवते, कमी उजेड मात्र तिला सोसत नाही.

मांडवाखाली:
मीटरिंगचं पटलं, फिल्मचं नाही. ४००एचमध्ये नेहमीच्या तीन रंगथरांखेरीज निळसर-हिरव्या उजेडाला संवेदनशील चौथा थर होता. पोर्ट्राला उजेड वाढवून दिला की ती उबदार होत जाते आणि पानं पोपटी दिसतात. त्वचेला ती सुंदर आहे, पानांना नाही. त्यापेक्षा कोडॅक व्हिजन३ २५०डी ही सिनेमाची फिल्म घ्या. कॉन्ट्रास्ट कमी, त्यामुळे स्कॅनमध्ये रंग हवा तसा वळवता येतो.

फिक्सर:
दादा, २५०डी सुचवताना काजळीचंही सांगायला हवं! जुन्या रोलच्या पाठीवर रेमजेट नावाचा काजळीचा काळा थर असतो. असा रोल न सांगता लॅबमध्ये दिलात, तर सी-४१ (नेहमीची रंगीत फिल्म धुण्याची पद्धत) मशीनचं रसायन खराब होतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या रोलवर काळे कण बसतात. एएचयू असं लिहिलेल्या नव्या रोलला रेमजेट नाही, पण विकत घेतानाच कोणता ते विचारा.

मांडवाखाली:
बरोबर. म्हणून रेमजेटचा रोल घरीच धुवा. १ लिटर कोमट पाण्यात १ मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून फिल्म धुण्याची टाकी भरा, मिनिटभर ठेवा, जोरात हलवा, ओता. शाईसारखं काळं पाणी येईल. ते नितळ होईपर्यंत साध्या कोमट पाण्याने खळबळत राहा. मग ईसीएन-२ (सिनेमा फिल्म धुण्याची पद्धत) डेव्हलपर, ४१ अंशांवर ३ मिनिटं. शेवटच्या धुण्यानंतर फक्त चकचकीत बाजू ओल्या स्पंजने पुसा. दुसऱ्या बाजूला इमल्शन, म्हणजे चित्राचा थर असतो, तिथे बोटही नको. आणि एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात लावून जोखू नका, थर्मामीटर वापरा.

गोदाकाठ:
महिन्याला २ रोल काढणाऱ्याने एवढा खटाटोप का करावा? पोर्ट्रा कुठल्याही सी-४१ लॅबमध्ये धुऊन मिळते. पानं पोपटी होतात हे मान्य, पण तो दोष बराचसा स्कॅनचा. स्कॅनरचं ऑटो-कलर प्रत्येक फ्रेम वेगळी 'सुधारतं'. ते बंद करून रंग न सुधारलेली सपाट टिफ फाइल मागा. मग फक्त हिरव्याचा ह्यू (रंगछटा) निळसर बाजूला सरकवा आणि सावल्यांत किंचित सायन (निळसर-हिरवा) घाला. पिवळ्याला हात लावू नका, चेहरे आजारी दिसतात.

फिक्सर:
दोघांनीही एकाच मांडवात, एकाच तासात, ग्रे कार्ड (तुलनेसाठीचं करडं कार्ड) धरून पोर्ट्रावर आयएसओ ४००, २०० आणि १०० अशा तीन फ्रेम काढा. २५०डीला २५०, १२५, ६४. सगळ्या एकाच सेटिंगवर स्कॅन करून इथे टाका. एक सेट उन्हात, एक सावलीत.