कॉम्प्युटर सुरू व्हायला आठ मिनिटं; दुकानदार म्हणतात नवीनच घ्या

कृष्णाकाठ
नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरी मराठी टायपिंगची कामं घेते. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, अर्ज. कॉम्प्युटर २०१४ च्या दिवाळीतला. आय-थ्री प्रोसेसर, चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. २०१९ च्या पुरात आम्ही गावभागात राहत होतो. पाणी दारात आलं तेव्हा ह्यांनी धान्याच्या आधी हा डबा माळ्यावर चढवला. त्यावरच घर चालत होतं.

आता बटण दाबल्यापासून वर्डची फाईल उघडेपर्यंत आठ मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघितलं. टेम्प फाईली उडवल्या, व्हायरस स्कॅन केला, वेग वाढवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, त्यानं आणखीच जड झाला. दुकानात उघडूनसुद्धा न बघता "हा गेला, नवीन घ्या" म्हणाले. लेक दहावीला आहे, एवढा खर्च यंदा झेपणार नाही. खरंच गेलाय का हो?

मिरज_जंक्शन
ताई, ते वेग वाढवणारं सॉफ्टवेअर आधी काढून टाका. मग मशीन रखडलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी, डिस्क यांतला कुठला आकडा शंभराला चिकटलाय ते बघा. ते कळेपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून काही विकत घेऊ नका, माझ्याही नाही. शिवाय क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं, ते चालवून डिस्कची तब्येत कुठल्या रंगात दिसते ते कळवा.

कृष्णाकाठ
सीपीयू १४, मेमरी ७८, डिस्क सतत १००. पण डिस्कचा वेग बघितला तर सेकंदाला जेमतेम १ एमबी! डिस्कच्या तब्येतीचा रंग पिवळा आहे, 'कॉशन' लिहिलंय. करंट पेंडिंग सेक्टरच्या ओळीसमोरही पिवळा ठिपका आहे.

मिरज_जंक्शन
मग साफसफाई आत्ता थांबवा. डीफ्रॅग (फाईलींचे तुकडे जुळवणं) नको, चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणं) नको. डिस्कचे काही भाग वाचताना अडतायत आणि ती पुन्हा पुन्हा तेच वाचायला बघतेय. शंभर टक्के दिसूनही काम होत नाही ते त्यामुळेच. आज दुसरं काही करू नका, फाईली बाहेरच्या ड्राईव्हवर उतरवा. कट नाही, कॉपी. ज्यांच्यावाचून अडेल त्या आधी. एखादी फाईल अडकली तर तिच्यामागे लागू नका, नाव लिहून ठेवा आणि पुढची घ्या.

चांगली हार्ड डिस्कसुद्धा या कामाला हळूच असते, ते का हे सांगतो. तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा काट्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, सुमारे ४ मिलिसेकंद. काटा इकडून तिकडे सरकायचा वेळ वेगळा, तो त्याच्या दुप्पट. विंडोज सुरू होताना विखुरलेल्या हजारो बारक्या फाईली मागतं आणि डिस्क सेकंदाला फार तर शंभरेक ठिकाणी पोचते. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काहीच नाही, ती तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणचं वाचते. म्हणून अशा जुन्या मशीनला मी पहिल्यांदा एसएसडीच सांगतो. अडीच इंची, सॅटाची (डिस्क बोर्डाला जोडायची केबल-जोडणी) घ्या. तुमचा मदरबोर्ड एच८१ चा असेल (बोर्डावरच छापलेलं असतं), तर त्यावरच्या चार सॅटा पोर्टांपैकी दोनच वेगवान असतात. केबल त्यातल्या एकात लावून घ्या.

आणि खराब डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करू नका. नव्या एसएसडीवर विंडोज कोरं टाका. बोर्ड तोच राहतो, त्यामुळे आधी ॲक्टिव्हेट असलेलं विंडोज नेटला जोडल्यावर सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

तासगाव_बेदाणा
कोरं टाकायच्या आधी ताई, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर विकतचं असेल तर विकणाऱ्याला फोन करा. काही लायसन मशीनशी बांधलेली असतात. आमच्या बेदाण्याच्या हिशेबाच्या मशीनवर मी हे विसरलो आणि ऐन सौद्यांच्या दिवसांत पावत्या चार दिवस हाताने लिहाव्या लागल्या. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

रॅम वाढवायची तर जुनी काढून सोबत न्या. तुमची डीडीआर३ असणार, डीडीआर४ ची खाचच जुळत नाही.

दुकानदारांचं एका बाबतीत बरोबर आहे. विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते. तुमच्या मशीनला ते नियमाने चालणार नाही. पण विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन असेल तर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तेवढ्यात लेकीची दहावी पार पडेल.

कृष्णाकाठ
कळवायला आठ दिवस लागले, माफ करा. एसएसडी बसवली. बटणापासून वर्ड उघडेपर्यंत ३८ सेकंद, तीनदा मोजलं. मेमरी अजून भरते, रॅम पुढच्या महिन्यात घेईन. फॉन्टवाल्यांना आधीच फोन केला होता, त्यांनी नवीन कोड दिला. दादा, तुमची आठवण कामी आली.

कामाच्या फाईली सगळ्या उतरल्या. एक मात्र नाही. सासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्याचं २०१६ चं रेकॉर्डिंग. एमपी३ आहे. कॉपी ४६ टक्क्यांवर थांबते. त्या आता नाहीत आणि दुसरी प्रत कुणाकडेच नाही. डिस्क काढून कपाटात ठेवली आहे. काही होईल का?

मिरज_जंक्शन
डिस्क पुन्हा जोडू नका, चालूही करू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यू म्हणून प्रोग्राम आहे. तो अडलेली जागा सोडून आधी पुढचं सगळं उतरवतो आणि मग मागे येऊन अडलेल्या जागी पुन्हा प्रयत्न करतो. एमपी३ मध्ये मधले थोडे तुकडे गेले तरी बाकीचं ऐकू येतं. सगळं मिळेलच असं वचन देत नाही. रविवारी सकाळी लिनक्स टाकलेला पेनड्राईव्ह घेऊन मीच विश्रामबागला येतो. ५०० जीबी किंवा त्याहून मोठा रिकामा ड्राईव्ह तेवढा तयार ठेवा.