बारीकसारीक डिझाइनची काळजी ही चुकलेल्या प्राधान्यक्रमाची खूण आहे का?

प्रश्न:
अ‍ॅपच्या पडद्यावरील बटणाचे कोपरे किती गोल असावेत, यावर बुद्धिमान माणसे आठवडेच्या आठवडे घालवतात आणि त्याच काळात कोट्यवधी लोकांना शुद्ध पाणी मिळत नाही. समाजाने आपली बुद्धी भलत्याच ठिकाणी गुंतवली आहे, असे मला मनापासून वाटते. आपले मत काय?

प्रतिसाद १:
तपशील लहान म्हणून परिणामही लहान, हे मला मान्य नाही. १९७९ साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडपेची प्रत्यक्ष स्थिती न दाखवता तिला दिलेला विद्युत संकेत तेवढा दाखवत होता, आणि तो विझलेला पाहून कर्मचाऱ्यांनी झडप बंद झाली असे गृहीत धरले. भट्टी थंड ठेवणारे पाणी उघड्या झडपेतून निघून जात राहिले आणि पुढे अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

प्रतिसाद २:
पाण्याचेच उदाहरण घ्या. घरगुती वापरासाठी बनवलेले बिडाचे हातपंप अख्ख्या गावाच्या वापराने वारंवार मोडत, म्हणून १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा भक्कम पंप तयार झाला. दांड्याच्या बेअरिंगसारख्या किरकोळ वाटणाऱ्या भागांवर तिथे कोणी विचार केला नसता, तर विहीर खोदूनही पाणी वर आले नसते.

प्रश्नकर्ता:
हे पटले. तरीही माझा आक्षेप उरतोच, कारण अशी काळजी बहुतेकदा जिथे ग्राहक पैसे मोजतो तिथेच घेतली जाते. सरकारी अर्जाच्या वाट्याला ती क्वचितच येते.