फोटो तोच, पण तोच नाही

कुणी म्हणतं की फोटो पेपरात छापा नाहीतर टीशर्टवर, अर्थ तोच राहतो. मला नाही पटत. क्युबाच्या क्रांतीतला नेता चे गव्हेरा, त्याचा तो फेमस फोटोच घ्या ना, फोटोग्राफर आल्बेर्तो कोर्दाने १९६० च्या मार्चमध्ये क्युबाच्या राजधानीत, हवानात काढलेला, जहाजाच्या स्फोटात गेलेल्यांच्या शोकसभेत. मूळ फ्रेममध्ये एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे आणि दुसरीकडे झाडाची पानं, म्हणजे शोकसभेतला एक माणूस कुठेतरी बघतोय एवढंच, आणि गंमत म्हणजे ज्या पेपरसाठी काढला त्याने तेव्हा तो छापलाच नाही! मग आजूबाजूचं सगळं कापलं, चेहरा तेवढा उरला, १९६७ मध्ये चे गेल्यावर पोस्टरं निघाली, त्यात कुणी फोटोतले करडे शेड उडवून नुसता लाल-काळा केला आणि झालं, शोकसभा गायब, माणूसही जवळपास गायब, उरला तो शिक्का. आता मग वर जाणारी ती नजर क्रांतीची वाटते. शेवटी व्होडकाच्या जाहिरातीत आला तेव्हा कोर्दा स्वतः कोर्टात गेला (पोस्टरांबद्दल त्याची तक्रार नव्हती हं).

आणि यात दरवेळी कुणी मुद्दाम काही करतं असंही नाही. पिस्तुलाचा इमोजी आठवतोय? २०१६ मध्ये ॲपलने त्याची पाण्याची पिचकारी केली, बाकीच्यांकडे मात्र खरी बंदूक तशीच होती बराच काळ. म्हणजे एकाने "थांब येतोच" लिहून मस्करीत पिचकारी पाठवायची आणि समोरच्याच्या फोनवर बंदूक उगवायची. फोन चित्र नाही, त्याचा ठरलेला कोड पाठवतो आणि समोरचा फोन आपलं चित्र दाखवतो; कोड तोच, कुणी काही कापलं नाही, रंगवलं नाही!