मदत हवी आहे: ट्रकचं इंजिन बदलायचंय, आरसी बुकावर (नोंदणी पुस्तकात) चढेल का?

कांदेगाडी
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. दहा चाकी गाडी आहे, इंजिन गेलं. मिस्त्री म्हणतो दुरुस्तीत पैसे घालू नका, इंजिनच बदला. त्याच्या ओळखीत जुन्या गाडीचं एक इंजिन आहे, मेकॅनिकल पंपाचं. सेन्सर नाही, धुरात फवारायचा युरिया नाही, कटकट नाही. एक एजंट म्हणतो "होऊन जाईल", दुसरा म्हणतो होणारच नाही. हप्ता चालू, गाडी उभी, कांद्याचा हंगाम तोंडावर. कुणी इंजिन बदलून आरटीओत नोंद करून घेतली आहे का? हो की नाही, आणि कागद कोणते, एवढंच सांगा.

घाटमाथा
गाडी कोणत्या सालची? बीएस-3 की बीएस-4 (प्रदूषणाचं भारत स्टेज मानक)? इंजिन गेलं म्हणजे सीज (जाम) झालं की नुसतं ऑइल खातंय? बँकेचा बोजा आहे का? हे कळल्याशिवाय हो-नाही कसं सांगणार?

टर्बोतात्या
अहो, इंजिन बदलायच्या भानगडीत पडूच नका. लायनर-पिस्टनचा किट टाका, क्रँक घासून घ्या, हेडचं काम करा. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, तोच राहिला की नंबर तोच, आरटीओत जायचं कामच नाही. आमच्या दोन्ही गाड्या अशाच उभ्या केल्या. हल्लीचे मिस्त्री काम करायला नको म्हणून बदला म्हणतात.

कांदेगाडी
तात्या, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलाय. मूठ आत जाईल एवढं भोक आहे. म्हणून तर बदलायचं म्हणतोय. गाडी 2018ची, बीएस-4, युरियाची टाकी आहे. बँकेचे हप्ते बाकी आहेत. कंपनी इथे लिहीत नाही, घाटमाथा यांना व्यनि (खाजगी निरोप) केलाय.

घाटमाथा
मग सरळ सांगतो: ते मेकॅनिकल पंपाचं इंजिन घेऊ नका. ते बीएस-3 किंवा त्याआधीचं आहे. तुमच्या गाडीला मान्यता मिळाली ती इंजिन, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सायलेन्सरमधला एससीआर (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारा भाग), ते ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर या सगळ्या संचासकट, बीएस-4 म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलंय. त्याच मेकचं, त्याच मॉडेलचं, त्याच उत्सर्जन मानकाचं इंजिन असेल तर नोंद होते. एजंटच्या "होऊन जाईल"वर लाखभर रुपये लावू नका.

फिटरभाऊ_कळंबोली
साहेब, कायदा बरोबर आहे, पण रस्त्यावर किती गाड्या युरिया बायपास करून चालतात ते बघा. छोटा डबा लावला की ईसीएमला वाटतं सगळं ठीक आहे. पीयूसीवाला पाईपात नळी घालतो, रेस देतो, धूर मोजतो. बीएस-4ला मर्यादा 1.62. पंप आणि नॉझल चांगले असले तर जुनं इंजिनसुद्धा त्यात बसतं. मालकाचे पैसे वाचवायचे की नाही?

रेल_प्रेशर
भाऊ, पीयूसीत पास होणं आणि गाडी नियमात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती चाचणी फक्त धुराची घनता बघते. बीएस-4च्या आधीच्या गाड्यांना 2.45, बीएस-4ला 1.62, बीएस-6ला 0.7. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत, आणि युरिया असतो तो नेमका त्यांच्यासाठी. 32.5 टक्के युरियाचं पाणी गरम धुरात फवारलं की अमोनिया तयार होतो आणि एससीआरमध्ये नायट्रोजन ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. डबा लावला की हे सगळं बंद. धूर काळा दिसत नाही म्हणून तो स्वच्छ होत नाही. दिवसभर तो सगळ्यात जास्त तुमच्याच गॅरेजातली पोरं घेतात. हा सल्ला कृपा करून देऊ नका.

फिटरभाऊ_कळंबोली
मी लावा म्हटलं नाही, चालतं म्हटलं. नवा नॉक्स सेन्सर केवढ्याला येतो ते ऑफिसात बसून कळत नाही.

रेल_प्रेशर
किंमत माहीत आहे, मीही गॅरेजातच काम करतो.

हिरवी_चाकं
सीएनजी का करत नाही? डिझेल इंजिन काढून सीएनजी इंजिन बसवायला 2022मध्ये केंद्राने परवानगी दिलीय. खर्च दोन वर्षांत निघतो.

घाटमाथा
ती ऑगस्ट 2022ची अधिसूचना बीएस-6 आणि साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांसाठी आहे. यांची दहा चाकी, बीएस-4. इथे उपयोग नाही.

खाडीपलीकडे
मी कॅलिफोर्नियात असतो. इकडे घरच्या गाडीचं इंजिन बदललं तर नवं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं लागतं, त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत बसवावी लागते, आणि मग स्मॉग चेकचा (इकडच्या पीयूसीचा) रेफरी, म्हणजे तपासनीस, बॉनेट उघडून एकेक भाग बघतो. मोठ्या ट्रकचं तर 1 जानेवारी 2023 पासून असं आहे की 14,000 पौंडांवरच्या जवळजवळ सगळ्या डिझेल गाड्यांना 2010 किंवा नंतरचं इंजिन हवं. त्यामुळे जुन्या ट्रकला नवं इंजिन बसवून नियमात आणायची वाट तरी आहे. भारतात बीएस-6 इंजिन टाकून गाडी बीएस-6 करता येत नाही का?

कांदेगाडी
हाच माझा पुढचा प्रश्न! गाडी आझादपूर मंडीला जाते. दिल्लीत बीएस-4 बंद होणार म्हणतात. मग आत्ताच बीएस-6 इंजिन टाकलं तर?

घाटमाथा
दिल्लीला जाते हे आधी सांगायला हवं होतं, सगळं गणितच बदलतं. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-4 मालगाड्यांना तिथे जायची सवलत 31 ऑक्टोबर 2026 पर्यंतच दिलेली आहे. आणि इंजिन टाकून गाडी बीएस-6 होत नाही. डीपीएफ (काजळी अडवणारी जाळी), एससीआर, ओबीडी (बिघाड ओळखणारी यंत्रणा), वायरिंग सगळं वेगळं, आणि मान्यता अख्ख्या गाडीला असते. बुकावर बीएस-4च राहणार. तेव्हा दिल्लीच्या भरवशावर महागडं इंजिन घेऊ नका. मुंबई, सुरत, इंदूरची भाडी धरून परवडतंय का बघा.

टर्बोतात्या
म्हणूनच म्हणतो, कंपनीकडे नुसता ब्लॉक मिळतो का विचारा. तुमचाच पंप, तुमचेच इंजेक्टर, तुमचंच हेड वर चढवा.

रेल_प्रेशर
इथे तात्यांशी सहमत. हेड आणि कॅम शाबूत असतील तर हाच सगळ्यात चांगला रस्ता. ब्लॉकचा नंबर मात्र वेगळा असणार, त्यामुळे आरटीओ चुकत नाही. आणि पूर्ण इंजिन दुसरीकडून घेतलं तर इंजेक्टरचे कोड स्कॅनरने ईसीएममध्ये भरून घ्या, नाहीतर गाडी धूरही मारेल आणि ओढणारही नाही.

हिशेबताई
दादा, आमची गाड्यांची कागदपत्रं मीच बघते, म्हणून क्रमाने लिहिते. आधी बँकेची एनओसी, तिला वेळ लागतो. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर हवाच. भंगारातल्या गाडीचं असेल तर त्या गाडीचं बुक रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन चोरीचं नाही याचा पोलीस दाखला. सरकारच्या वाहन पोर्टलवर अल्टरेशनचा (गाडीतल्या बदलाचा) अर्ज करून मंजुरी आधी घ्या, इंजिन नंतर उतरवा. मंजुरीआधीच बदललं असेल तर 14 दिवसांत कळवावं लागतं. बुक हातात आलं की विमा कंपनीलाही नवा नंबर कळवा, अपघात झाला तर तो जुळला नाही म्हणून दावा अडकतो.

पैसे देण्याआधी नंबरची जागा डिझेलच्या फडक्याने स्वतः पुसून बघा. तिथेच ताजा रंग असेल, बारीक कानशीच्या रेघा असतील, आकडे एका ओळीत नसतील, तर तिथून निघून या. जागा नीट असेल तर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घ्या, बिलाशी जुळवा.

कांदेगाडी
ताई, खूप आभार, हेच हवं होतं. मेकॅनिकल इंजिनाला नाही म्हणून कळवलं. कंपनीच्या डीलरकडे ब्लॉकची चौकशी टाकलीय. बँकेच्या शाखेत उद्या जातो.

पाटीलवाडी
विषय निघालाच आहे तर, आठ वर्षांवरच्या मालगाडीचा पर्यावरण कर फिटनेसआधी भरायचा की नंतर? माझी 2016ची टेम्पो आहे.

हिशेबताई
आधी भरा. आणि दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तुमचा प्रश्न कुणाला सापडणार नाही.