मताधिकार चळवळीतल्या जोडीने राहणाऱ्या बायका, यांच्याबद्दल कुणी बोलत का नाही?

रानजाई:
पुढच्या आठवड्यात आमच्या वाचनकट्ट्यावर बायकांच्या मताधिकारावर बोलायचंय, अमेरिका आणि ब्रिटन. वाचायला घेतलं तर भलतंच निघालं. कॅरी चॅपमन कॅट, १९२० ला अमेरिकेत मताधिकार मिळाला तेव्हा तिकडच्या सगळ्यात मोठ्या संघटनेची अध्यक्षा. दुसरा नवरा १९०५ ला वारला, त्यानंतर ती मेरी गॅरेट हे नावाच्या सहकारी बाईबरोबर राहिली ते थेट १९२८ ला मेरी जाईपर्यंत, आणि १९४७ ला स्वतः गेली तेव्हा न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत तिला मेरीशेजारीच पुरलं, दोघींना मिळून एकच दगड. तिच्या आधीची अध्यक्षा ॲना हॉवर्ड शॉ, तीही याच चळवळीची जुनी पुढारी सुझन अँथनी, तिची भाची लूसी हिच्याबरोबर कितीतरी वर्षं राहिली. हे सगळं आपल्याला एका ओळीतसुद्धा का नाही शिकवत? आणि यांना लेस्बियन म्हटलं तर चालेल का, कट्ट्यावर निम्मे काका-काकू आहेत.

सडेतोड_७:
कोण कुणाबरोबर राहिलं याचा मताशी काय संबंध? काम बघा ना त्यांचं. आजचा चष्मा लावून शंभर वर्षांपूर्वीच्या घरात कशाला डोकवायचं.

गिरणगावकर:
संबंध आहे हो साहेब. ईवा गोर-बूथ घ्या. आयर्लंडच्या जमीनदाराची मुलगी, १८९६ ला आजारपणात हवापालटासाठी इटलीला गेली, तिथे एस्थर रोपर भेटली, आणि ही बाई वाडा सोडून मँचेस्टरच्या धुरात तिच्याकडे राहायला आली ती कायमची. मग दोघींनी काय केलं, तर सूतगिरण्यांमधल्या बायकांच्या सह्या गोळा करायच्या मोहिमेत उतरल्या, १९०१ ला २९,३५९ सह्या पार्लमेंटात गेल्या. तोवर मताधिकार म्हणजे चहा पिणाऱ्या बायकांचं काम होतं, गिरणीवाल्या कुठे होत्या त्यात? संसार आणि ऑफिस वेगळं नव्हतंच त्यांचं. १९०८ ला बारमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आणणारा कायदा येत होता तेव्हा मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत चर्चिलच्या विरोधात प्रचाराला उतरल्या, ईवाची बहीण कॉन्स्टन्स चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत आली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, स्वयंपाक येतो का? ती म्हणाली, येतो की, तुला चार घोडे हाकता येतात का! चर्चिल पडला. :)

शाईची_दौत:
रानजाई, लेबलबद्दल माझं मत, कॅट आणि मेरीला चिकटवू नकोस, जोडीने राहिल्या, एका दगडाखाली आहेत, एवढं सांगितलं की काका-काकूंना बरोब्बर कळतं. ईवा-एस्थरचं उलट आहे, त्यांना लेबल पुरायचंच नाही. १९१६ पासून त्या आणि त्यांचे मित्र ‘युरेनिया’ नावाचं खाजगीत वाटलं जाणारं मासिक काढत होते, बाई आणि पुरुष हा भेदच नको म्हणून! या दोघी पण एकाच कबरीत आहेत, हॅम्पस्टेडला. आणि का शिकवत नाहीत म्हणशील तर चळवळीनेच झाकलं बरंचसं. विरोधक व्यंगचित्रांत यांना दाढीमिशा काढायचे, मग यांनी पोस्टरवर आई आणि बाळ आणलं, अशा वेळी नवरा नसलेल्या जोडीला पुढे कोण करणार.

बिनकाठाची:
कॅटला डोक्यावर घ्यायच्या आधी हेही वाचा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांना पटवताना बायकांना मत दिलं तर गोऱ्यांचं वर्चस्व वाढेलच असं तिने छापील लिहिलंय. त्यापेक्षा ॲलिस डनबर-नेल्सन सांग ना. कृष्णवर्णीय कवयित्री, शिक्षिका, १९१५ ला पेन्सिल्व्हेनियात गावोगाव मताधिकाराची भाषणं करत फिरली. लग्नं तीन, म्हणून कुणाला शंकाच नाही, पण डायरीत बायकांवरचं प्रेम आहे आणि ती डायरी छापून आली १९८४ ला! ती मेली १९३५ ला.

रानजाई:
ॲलिसचं नावच ऐकलं नव्हतं मी, तिला घेतेच. कॅटचं ते वाक्यही वाचून दाखवते, उगाच आरती नको.

सडेतोड_७:
घोड्यांचा किस्सा भारी आहे, मान्य. बाकी पटलं असं नाही.