१५ ऑगस्टला मारियामातेचा कोणता सण?

प्रश्न (भुसावळ): शेजारच्या काकू १५ ऑगस्टला सकाळीच नवी साडी नेसून चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनाविधीला) जातात आणि मग झेंडावंदनाला येतात, म्हणे येशूच्या आईचा, मारियामातेचा सण, तिचा वाढदिवस असतो का?

उत्तर: नाही भाऊ, वाढदिवस ८ सप्टेंबरला. या दिवशी देवाने मारियेला देहासकट स्वर्गात घेतलं ते साजरं करतात. येशू स्वतःच्या सामर्थ्याने वर गेला, तिला मात्र देवाने नेलं, हा फरक मोठा आहे.

उत्तर: सण शेकडो वर्षं जुना, पण पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० ला तिला देहासकट स्वर्गात घेतलं हे अधिकृतपणे जाहीर केलं. आधी तिला मरण आलं का, हे त्यात सांगितलेलंच नाही.

उत्तर (जळगाव): माझी आजी म्हणायची, लेकरू आईला मागे ठेवील का? मला तेच पटतं. यंदा काकूंना शुभेच्छा नक्की द्या, लय खूश होतील.